प्रथम कोणाला कळवावे

३ ऑगस्ट, रविवार

"तुला लळा फार लवकर लागतो, नर्सचं काम तुला झेपायचं नाही." मामा हे बोलला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि माझ्या हातात नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज होता. तो प्रेमानेच बोलला होता. मी अर्जाची घडी करून तो पुस्तकात ठेवला आणि पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. आता मी एकेचाळीस वर्षांची आहे, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि हे बघायला मामा राहिला नाही.

वर्गातल्या सगळ्या मुली वीस-एकवीसच्या. त्या मला मावशी म्हणतात. वॉर्डातल्या आयांनाही सगळे मावशीच म्हणतात, त्यामुळे पेशंटचे नातेवाईक मला खुशाल बेडपॅन न्यायला सांगतात. मी नेते. माझ्या शेजारी बसणारी मुलगी अंगाने बारीक आणि जिभेने तिखट आहे, तिला सगळे टाचणी म्हणतात. तिचं म्हणणं, मी एकदा तरी ठणकावून सांगावं की मी विद्यार्थिनी आहे, नाहीतर पदवी मिळाली तरी बेडपॅन हातातून सुटायचं नाही.

काम शोधायला हवं, हे आज पक्कं ठरवलं. साठवलेलं आटत आलंय, पण खरं कारण ते नाही. खरं कारण दार आहे.

लेक मंगळवारी आणि शुक्रवारी शाळा सुटल्यावर माझ्याकडे येते. परवा तिने खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "मी इथे राहायला आले तर माझं दार कुठे?" मी हसून पडदा दाखवला. ती म्हणाली, "ते दार नाही, आई." पण 'राहायला आले तर' असं म्हणाली. तिच्या बाबांचं आणि माझं ठरलंय की दहावी झाली की कुठे राहायचं ते तिने सांगावं, आम्ही मध्ये बोलायचं नाही. म्हणजे मार्चपर्यंत मला दोन खोल्यांचं घर हवं, मधे दार असलेलं. त्यासाठी काम हवं. आणि ते काम असं हवं की मंगळवार-शुक्रवार मोकळे राहतील. नाहीतर त्या दाराचा उपयोग काय?

९ ऑगस्ट, शनिवार

तीन ठिकाणी जाऊन आले.

पहिलं एक छोटं हॉस्पिटल. डॉक्टर गोड बोलले. दुपारी चार तास, इंजेक्शनं द्यायची, सलाइन लावायचं. मी म्हटलं, माझी अजून नोंदणी नाही, विद्यार्थिनीला पैसे घेऊन हे करता येत नाही. ते म्हणाले, "युनिफॉर्म घातला की झाली नर्स. कोण बघतंय?" मी चहा अर्धा ठेवून उठले. बाहेर आल्यावर वाटलं, चहा तरी पुरता प्यायचा होता.

दुसरं, एका आजोबांना सांभाळायचं. घर नीटनेटकं, सून समंजस. आजोबांनी माझा हात धरला तो सोडेचनात. पण सुनेला नेमके मंगळवार-शुक्रवारच हवे होते. ती म्हणाली, एखादा दिवस पुढे-मागे करून बघा ना. मी म्हटलं, तेवढे दोन दिवस सोडून काहीही. आजोबा माझ्याकडे बघत होते. मामाची आठवण झाली.

तिसरं, दुकानातला काउंटर. सकाळी वॉर्डात सहा तास उभं राहून दुपारी पुन्हा पाच तास उभं राहायचं. माझ्या पोटऱ्यांनीच नकार दिला.

काल लेक आली होती. तिच्यावर नाडी मोजायचा सराव केला. मनगट पुढे करून ती दुसऱ्या हाताने मोबाइल बघत बसली. चौऱ्याहत्तर. मग तिला फोन आला आणि बोटांखाली नाडी एकदम पळायला लागली. ती गॅलरीत जाऊन हळू आवाजात बोलत होती. "हो, आठवणीने आणते. तू जेवलीस का? मग जेव ना आधी." मी विचारलं, कोण गं? म्हणाली, मैत्रीण. या वयात मैत्रिणीच्या जेवणाची एवढी काळजी करते हे बघून बरं वाटलं. हा गुण माझा आहे.

तिने चष्मा घेतलाय. तिला फळ्यावरचं दिसत नव्हतं हे मला माहीतच नव्हतं. फ्रेम छान आहे, तिला शोभते. अर्थात ती कुठून आली ते वेगळं विचारायला नको. तिच्या बाबांच्या घरी गेल्या वर्षापासून जी आहे, ती चष्म्यांच्या दुकानात काम करते. मी मनात तिला चष्मेवाली म्हणते. आज इथे लिहिलंही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

मिळालं. आणि असं मिळालं की वाटतं, कोणीतरी माझ्या मापाने शिवून ठेवलं होतं.

लेकीच्याच शाळेत आजारी मुलांसाठी एक खोली आहे. तिथली बाई सोडून गेली. सोमवार, बुधवार, गुरुवार, दुपारी दोन ते साडेपाच. सुई टोचायची नाही, औषध द्यायचं नाही. खरचटलं तर धुवायचं, ताप बघायचा, घरी कळवायचं. आमच्या ट्यूटर मॅडमनी कागद दोनदा वाचून सही केली. म्हणाल्या, प्रथमोपचाराच्या पलीकडे बोट लावू नका, आणि प्रत्येक गोष्ट लिहून ठेवा.

लेकीला सांगितलं नाही. एकदम समोर दिसेन तेव्हा तिचा चेहरा बघायचाय. टाचणीला कौतुकाने सांगितलं तर ती पेनाचं टोपण चावत म्हणाली, "दहावीत असताना माझी आई शाळेच्या फाटकापाशी आली तरी मी दुसऱ्या फाटकाने जायचे." मी म्हटलं, सगळ्या मुली तुझ्यासारख्या नसतात. ती म्हणाली, नसतील.

२५ ऑगस्ट, सोमवार

पहिला दिवस. एक गुडघा, दोन पोटदुख्या, एक खोटी डोकेदुखी.

मधल्या सुट्टीत ती जिन्यावरून उतरत होती, सोबत तिघी-चौघी. मी हात वर केला. तिने बघितलं, मग मैत्रिणीचं काहीतरी ऐकत पुढे गेली. एवढ्या गोंधळात माझा एप्रन तिला ओळखू आला नसेल.

संध्याकाळी फोनवर म्हणाली, "मला आधी सांगायचं होतंस." म्हणजे ओळखलं होतं. मी म्हटलं, गंमत करायची होती. ती म्हणाली, उद्या जादा तास आहे, येणार नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

शाळेतलं माझं खरं काम आज सुरू झालं. प्रत्येक मुलाचं एक कार्ड आहे. कशाची ॲलर्जी, कोणता जुना आजार, आणि खाली दोन चौकटी : 'प्रथम कोणाला कळवावे' आणि 'ते न भेटल्यास'. नाव, नातं, फोन. कार्डं वर्षाच्या सुरुवातीला मुलं भरून आणतात, घरचे सही करतात. ती वर्गवार लावायची आणि फाटकी नव्याने लिहायची.

चार वाजता दहावीच्या गठ्ठ्यात तिचं कार्ड हाती आलं. पहिल्या चौकटीत चष्मेवालीचं नाव. नातं : आई. खाली तिच्या बाबांचं. माझं कुठेच नाही.

मी खिडकीशी जाऊन परत वाचलं. एवढी मोठी चूक कशी होते? बाबांनी घाईत सांगितलं असणार आणि कोणीतरी लिहून टाकलं असणार. ते लिफ्ट दुरुस्त करतात, अर्धा दिवस बोगद्यासारख्या त्या विहिरीत लोंबकळत असतात. कागदपत्रांचं त्यांना कधीच भान नव्हतं. अक्षर गोलसर आहे. सातच्या पोटात आडवी रेघ आहे, अशी रेघ मी लेकीला पहिलीत शिकवली होती. आजकाल बरेच जण काढतात.

आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलंय, नोंदीत खाडाखोड करायची नाही. चुकलं तर एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. व्हाइटनरला तर हातही लावायचा नाही. व्हाइटनर टेबलाच्या खणात होतं. मी ते लावलं, फुंकर मारली, वाळल्यावर माझं नाव लिहिलं. नातं : आई. माझा फोन. मग बोट फिरवून बघितलं, जरा खरखरीत लागतं, पण वाचता सगळं येतं.

चूक दुरुस्त केली, एवढंच. तरी घरी येईपर्यंत कान गरम होते.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

चार खेपा चुकल्या. जादा तास, मैत्रिणीचा वाढदिवस, डोकं दुखतंय, आणि आज काहीच नाही, नुसतंच 'आज नको'. दहावीचं वर्ष आहे. मी तिच्यासाठी आणलेली अंडी उकडून एकटीने खाल्ली.

मात्र घर बघितलं. दोन खोल्या, तिसरा मजला, मधे दार, दाराला आतून कडी. घरमालकीण म्हातारी आहे. तिने विचारलं, कोण कोण राहणार? मी म्हटलं, मी आणि माझी मुलगी. तिने कडी लावून-काढून दाखवली आणि म्हणाली, मुलींना कडी लागतेच. मी हो म्हणून आले. नोव्हेंबरपासून.

५ ऑक्टोबर, रविवार

परवा, मंगळवारी, वॉर्डातली प्रात्यक्षिक परीक्षा आहे. पेशंटचा बिछाना, आंघोळ, नोंदी. सरावासाठी टाचणी आज माझी पेशंट होऊन दिवसभर पडून राहिली. तिची पाठ पुसत होते तर डोळे मिटून म्हणाली, "मावशी, तुम्ही पुसता तेव्हा झोप येते." मग आपण काहीतरी गोड बोललो हे लक्षात येऊन पुढे जोडलं, की पाणी मात्र तुमचं नेहमी गार होतं.

८ ऑक्टोबर, बुधवार

काल. क्रमाने लिहिते, म्हणजे लिहून होईल.

परीक्षेच्या आधी मोबाइल पेटीत टाकावे लागतात, पेटीला कुलूप. अकरा वाजता टाकला. माझा नंबर शेवटून दुसरा आला. बाहेर आले तेव्हा पावणेतीन वाजले होते. कशी झाली म्हणून टाचणीने विचारलं आणि मी हसत होते. पेटीतून मोबाइल काढला. शाळेचे सतरा फोन.

लेक बाराच्या सुमारास बास्केटबॉल खेळताना पडली. डावं मनगट, दोन्ही हाडं. आजारी मुलांची खोली मंगळवारी उघडतच नाही. तिला ऑफिसातल्या बाकावर बसवलं आणि क्लार्क बाईंनी कार्ड काढलं. पहिला नंबर माझा, उचलत नाही. दुसरा तिच्या बाबांचा, ते कुठल्या तरी इमारतीत लिफ्टच्या विहिरीत, फोन लागत नाही. पुन्हा माझा. पुन्हा त्यांचा. ती रडत सांगत होती, समोरच्या चष्म्याच्या दुकानात आहे, नुसती हाक मारा. चष्म्याचं दुकान शाळेच्या फाटकासमोर आहे, ऑफिसच्या खिडकीतून त्याची पाटी दिसते. शाळेचा नियम असा की कार्डावर नाव नसलेल्या माणसाच्या हाती मूल द्यायचं नाही. नियम बरोबरच आहे. मीच गेल्या महिन्यात एका मुलाच्या मामाला याच नियमाने परत पाठवलं होतं.

दोन तास ती हात मांडीवर धरून बसली. शेवटी तिची एक मैत्रीण न विचारता रस्ता ओलांडून गेली, आणि चष्मेवाली दुकानातून तशीच धावत आली. तिचा चेहरा बघून, आणि लेक तिच्या अंगावर कशी कोसळली ते बघून, मुख्याध्यापिकांनी स्वतःच्या जबाबदारीवर सोडलं.

मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा प्लास्टर ओलं होतं. लेकीला गुंगी होती. तिच्या उशाशी जागा एकच होती आणि तिथे कोणीतरी बसलेलं होतं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

त्यांच्या घरी गेले. दार तिने उघडलं. मी तिला प्रथमच एवढ्या जवळून बघितलं. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असेल, डोळ्यांखाली जागरण. पाणी आणलं, आणि आतलं दार आपल्यामागे ओढून घेऊन आम्हाला दोघींना सोडलं. या घरात लेकीच्या खोलीला दार आहे. पूर्वीही होतं. मीच विसरले होते.

लेक भिंतीकडे बघत म्हणाली, "ते कार्ड मी भरलं होतं. माझ्या हाताने. तू का खोडलंस?"

मी म्हटलं, मला वाटलं कोणाची तरी चूक झाली.

"माझं अक्षर तुला ओळखू येत नाही?"

येत होतं. इथे लिहिते, कारण तिथे बोलता आलं नाही. त्या दिवशी खिडकीशी उभी होते तेव्हाही येत होतं.

मग ती म्हणाली, "तू गेलीस तेव्हा म्हणालीस, जागा झाली की मला नेशील. मी बॅग भरून ठेवली होती. तुला माहीतय, किती दिवस भरलेली होती?" मी विचारलं, किती? ती म्हणाली, "जाऊ दे." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी तिथे बसून राहिले असते.

निघताना तिला विचारलं, मंगळवारी? तिने प्लास्टरवरच्या कापसाचा धागा ओढत मान हलवली. नाही अशी.

१३ ऑक्टोबर, सोमवार

शाळेत चौकशी क्लार्क बाईंची चालली होती. कार्ड त्यांच्या कपाटात असतं, व्हाइटनर त्यांच्याच ऑफिसातून आलेलं. त्या तेवीस वर्षं नोकरीत आहेत आणि रुमालाने चष्मा पुसत नुसत्या म्हणत होत्या, मी नाही केलं. मी मुख्याध्यापिकांसमोर जाऊन सांगितलं. त्यांनी विचारलं, सही का नाही केली? एवढंच विचारलं. मला वाटतं, त्यांना कळलं होतं आणि त्यांनी दुसरं काही विचारलं नाही ही त्यांची दया.

आजचा दिवस शेवटचा. ट्यूटर मॅडमना त्या कळवणार आहेत. मी म्हटलं, मीच सांगते.

जाण्याआधी कार्ड नीट करून द्यायला सांगितलं. यावेळी शिकवलंय तसं केलं. माझ्या नावावर एक सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी. सही. तारीख. वर तिचं नाव लिहिलं, दुकानाचा नंबर, घरचा नंबर. नात्याच्या रकान्यात काय लिहू ते क्लार्क बाईंना विचारलं. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "मुलीने आधी जे लिहिलं होतं तेच लिहा." लिहिलं. दोनच अक्षरं आहेत, पण पेन मधेच अडलं, दुसरं घ्यावं लागलं.

२ नोव्हेंबर, रविवार

म्हाताऱ्या घरमालकिणीला नाही म्हणून सांगितलं. ती म्हणाली, मुलीला आवडलं नाही का घर? मी म्हटलं, तिने बघितलंच नाही.

नवं काम मिळालंय, हॉस्पिटलातल्याच एका तळघरात. गॉजच्या घड्या घालायच्या, मोजून गठ्ठे बांधायचे, यंत्रात निर्जंतुक करायला लावायचे. दुपारचे चार तास, रोज. ट्यूटर मॅडमनीच सांगून दिलं. शाळेबद्दल त्या रागावल्या, आणि मग म्हणाल्या, काही दिवस माणसांपासून लांबचं काम करा. तिथे कोणी बोलत नाही. मंगळवार-शुक्रवार आता अडत नाहीत.

टाचणी एकदा खाली आली, शेजारी बसून वीस-पंचवीस घड्या घातल्या, सगळ्या वाकड्या. काही टोचून बोलली नाही. त्याचीच मला भीती वाटली.

लेकीला रोज एक निरोप पाठवते. उत्तर येतं, 'बरी आहे.' कधी नुसतं 'बरी'.

१६ नोव्हेंबर, रविवार

अठरा तारखेला तिचं प्लास्टर निघणार. आमच्याच हॉस्पिटलात, सकाळी दहाला. ड्यूटीचा तक्ता कालच लागला. त्या दिवशी प्लास्टर काढायच्या खोलीत विद्यार्थिनी म्हणून माझं नाव आहे. मी काही करून ते लावून घेतलेलं नाही, हे शपथेवर लिहिते, जरी इथे वाचणारं कोणी नाही.

टाचणी ड्यूटी बदलून द्यायला तयार आहे. तेच योग्य आहे, हे मला कळतं. तरी दुपारभर बसून एक चिठ्ठी लिहिली. लेकीला नाही, तिला. उद्या चष्म्यांच्या दुकानात स्वतः नेऊन देईन. नक्कल इथे ठेवते.

'तुम्हाला काय म्हणून लिहू ते कळत नाही, म्हणून नाव न घालता सुरुवात करते. त्या दिवशी तुम्ही धावत आलात. मी आभार मानायला हवे होते, ते राहून गेले. ते आज मानते.

मंगळवारी त्या खोलीत माझी ड्यूटी आहे. तिला नको असेल तर मी दिसणार नाही, दुसरी मुलगी येईल, चांगली आहे, हात हलका आहे तिचा.

प्लास्टर निघालं की हात बारीक झालेला दिसेल, त्याला वास येईल, कातडीचे पापुद्रे निघतील. घाबरू नका आणि तिलाही घाबरू देऊ नका. ते चोळून काढायचे नसतात. कोमट पाण्यात हात थोडा वेळ नुसता ठेवायचा, मग मऊ कापडाने टिपायचा. मनगट खालून आधार देऊन धरायचं. हे तुम्हाला सगळं जमेल.

तिला एकदा विचारून बघा. ती नको म्हणेल, आणि तुम्हीही तिला आग्रह करू नका. पण विचारा. तेवढा एकदा तो हात मला धुऊ द्याल का?'